मायोग्लोबिनच्या जबान्या

घोड्याच्या हृदयातून काढलेले मायोग्लोबिन पाणी व ॲसिटोनायट्राइल यांच्या मिश्रणात विरघळवावे, फॉर्मिक आम्लाचा अल्पसा अंश त्यात घालावा, आणि ते द्रावण मिनिटाला काही मायक्रोलिटर इतक्या मंद गतीने, तीन-चार हजार व्होल्टच्या दाबाखालील बारीक नळीत सोडावे, म्हणजे नळीच्या मुखाशी लोंबणारा थेंब एकाएकी शंकूचे रूप धारण करतो आणि त्याच्या अग्रातून, तिरपा उजेड टाकल्यावाचून सहसा नजरेस न येणारा फवारा सुटतो. उष्ण नायट्रोजनच्या झोतात हे तुषार आटत जातात, परंतु त्यांवरील विद्युत्प्रभार तसा आटत नाही. आणि परस्परांना दूर लोटणाऱ्या त्या प्रभारांपुढे पृष्ठताणाचा इलाज चालेनासा झाला, की तुषार फुटून अधिक लहान तुषार होतात. ही मर्यादा लॉर्ड रॅले यांनी १८८२ सालीच गणिताने ठरवून ठेवली होती. अखेरीस प्रथिनाचा रेणू, आम्लाने बहाल केलेले प्रोटॉन अंगावर बाळगून, अभंग असा, वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राच्या निर्वातात दाखल होतो. नुसत्या उष्णतेने त्याला वायुरूप करू जावे तर तो करपून जातो, हे ध्यानी घेतले म्हणजे फवाऱ्याची ही युक्ती प्रथिनांवर चालवून दाखवणाऱ्या जॉन फेन यांना २००२ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा का मिळाला, ते निराळे सांगावे लागत नाही.

पडद्यावर मात्र प्रथमदर्शनी सारा गोंधळच. प्रथिन एक, आणि शिखरांची रांगच्या रांग! यंत्र वस्तुमानास प्रभाराने भागून येणारा आकडा तेवढा नोंदवते, आणि कोणा रेणूवर सतरा प्रोटॉन असतात, तर कोणावर अठरा. शेजारची दोन शिखरे घ्यावीत, ९४२.८ व ९९८.२, त्यांच्यात एकाच प्रोटॉनचा फरक मानला, की दुसऱ्यावर सतरा प्रभार असल्याचे साध्या भागाकाराने निघते आणि वस्तुमान १६,९५२ डाल्टनच्या आसपास ठरते. पुढली जोडीही तेच सांगते, त्यापुढलीही. एकाच दाव्यात साक्षीदारांच्या जबान्या जुळाव्यात तशी ही शिखरे जुळतात, आणि जो पसारा अडचण वाटत होता तोच पुरावा ठरतो. द्रावणात मीठ राहिले तर मात्र रेणूला सोडियम चिकटून साक्ष बिघडते. जीवरसायनतज्ज्ञांचा लाडका फॉस्फेट बफर येथे वर्ज्य आहे, आणि ते योग्यच.

या रांगेत न बसणारे एक शिखर ६१६ पाशी उभे असते. आम्लाऐवजी अमोनियम ॲसिटेटच्या उदासीन द्रावणातून तेच प्रथिन फवारले, की प्रभार आठ-नऊवर येतात आणि वस्तुमान भरते सुमारे १७,५६८: आम्लात उलगडलेल्या घडीतून निसटलेले लोहयुक्त हीम आता जागच्या जागी आहे.