ठेकेदार बदलला तरी इएसआयचा नंबर एकच ठेवा

सावलीतल्या आपल्या वस्त्यांमधून रोज सकाळी कितीतरी माणसे कामाला निघतात. कोणी दवाखान्यात साफसफाई करते, कोणी कार्यालयात कॉम्प्युटरवर बसते, कोणी गार्ड आहे, कोणी मूल-चंद्रपूरकडे मिलमध्ये किंवा कारखान्यात जाते. विचारले तर उत्तर एकच मिळते, "एजन्सीकडून आहे." काम तेच, जागा तीच, साहेबही तेच. फक्त दर एक-दोन वर्षांनी ठेकेदाराचे नाव बदलते. कागदावर ही माणसे तात्पुरती असतात, पण आठ-आठ, दहा-दहा वर्षे त्याच जागी राबतात.

आमच्या ओळखीच्या एका ताईंची हीच गोष्ट आहे. आठ वर्षे त्यांनी एकाच इमारतीत झाडूपोछा केला. या काळात तीन ठेकेदार झाले. मागच्या वर्षी खोकला थांबेना, वजन उतरले. थुंकी तपासल्यावर टीबी निघाला. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळाले, पण अंगात त्राण नव्हते. दोन महिने कामावर जाणे शक्य नव्हते. दर महिन्याला पगारातून इएसआय कापला जात होता, म्हणून त्या आजारपणाचे पैसे मागायला गेल्या. तेव्हा कळले की प्रत्येक ठेकेदाराने त्यांच्या नावाने वेगळा नंबर काढला होता. शेवटच्या नंबरवर मोजक्याच महिन्यांची वर्गणी होती. तिन्ही नंबर जोडून घेईपर्यंत बचत गटाचे कर्ज डोक्यावर चढले, आणि पुरते बरे होण्याआधीच ताई कामावर परतल्या.

असे आणखी कोणाचे होऊ नये म्हणून यावेळी आरोग्याच्या पानावर आम्ही औषधाऐवजी या नंबराबद्दल लिहीत आहोत.

इएसआय म्हणजे काय?

इएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. त्याच काळात, १९४३ साली, प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यावर १९४८ साली कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. कामगार आजारी पडला तरी त्याच्या घरची चूल विझू नये, हा त्यामागचा विचार आहे.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू होते. कामगाराच्या पगारातून शेकडा ७५ पैसे कापले जातात आणि मालकाने शेकडा ३ रुपये २५ पैसे भरायचे असतात. पगार १२,००० असेल तर आपले ९० रुपये आणि मालकाचे ३९० रुपये. ठेकेदाराने ही रक्कम भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्याच्या जागेवर आपण राबतो त्याच्यावर येते. "ते ठेकेदाराचे पाहा" असे म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत.

आयुष्मान कार्ड आहे, मग हे कशाला?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. आयुष्मान कार्डावर किंवा महात्मा फुले योजनेत दवाखान्यात भरती झाल्यावर इलाज होतो. पण घरी पडून राहिलेल्या दिवसांची बुडालेली मजुरी त्यातून मिळत नाही. ती इएसआयमधून मिळते.

साधा आजार असेल तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. रोज ४०० रुपये धरले तर दिवसाला २८० रुपये. त्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जून या काळात मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो. आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. मात्र पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर ही अट नाही.

टीबी, कॅन्सर यांसारख्या लांबच्या आजारांत ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. पण त्यासाठी दोन वर्षे सलग नोकरी आणि त्यातल्या चार सहामाहींत मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी दिसावी लागते. नवा ठेकेदार आला आणि नवा नंबर काढला की माणूस कागदावर नवखा होतो. आठ वर्षांची नोकरी असून दोन वर्षे भरत नाहीत.

कामावर अपघात झाला तर मात्र दिवसांची अट नाही. पहिल्याच दिवशी हात मशीनमध्ये गेला तरी ९० टक्के दराने पैसे मिळतात. घरून कामावर जाता-येताना झालेला, कामाशी संबंध असलेला अपघातही यात धरला जातो. बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची आहे.

सिकलसेल असलेल्या घरांसाठी

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात सिकलसेल बौद्ध आणि आदिवासी घरांमध्ये बराच आढळतो. रात्रपाळीची थंडी, उन्हातले काम, पाणी कमी पिणे, अतिश्रम यांनी त्रास उसळतो. अशा कामगाराचे महिन्यातले चार-पाच दिवस सहज जातात, आणि खाडे पडले की ठेकेदार नाव कापतो, ही भीती असते. म्हणून दुखणे लपवू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी करा, डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका, पाण्याची बाटली सोबत ठेवा. प्रत्येक वेळी इएसआयच्या डॉक्टरचा दाखला घ्या. खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर सहसा आजारपणाचे पैसे मिळत नाहीत.

कायम होण्याची लढाई आणि आजचे दुखणे

मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०१७ रोजी उचलून धरला. कचरा वाहतूक श्रमिक संघाला त्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टात लढावे लागले. २०२१ साली चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील कंत्राटी कामगारांनी थकलेल्या पगारासाठी आणि किमान वेतनासाठी डेरा आंदोलन केले. कोरोनाच्या काळात रुग्णांची सेवा करणाऱ्यांनाच पगारासाठी रस्त्यावर बसावे लागले. ही लढाई संघटनेनेच लढायची असते आणि तिला वेळ लागतो. पण आजार निकालाची वाट पाहत नाही. म्हणून खालची कामे याच महिन्यात करून घ्या.

१. आपला इएसआय नंबर आणि पीएफचा यूएएन वहीत लिहून ठेवा. घरातल्या दुसऱ्या माणसालाही ते माहीत असू द्या.

२. नवा ठेकेदार आला की जुना नंबर लेखी द्या. "माझा नंबर आहे, नवा काढू नका," असे स्पष्ट सांगा.

३. दोन-तीन नंबर आधीच झाले असतील तर आधार कार्ड आणि पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन इएसआयच्या शाखा कार्यालयात जा आणि ते जोडून घ्या. आजारी पडण्याची वाट पाहू नका.

४. ई-पहचान कार्ड काढा. त्यात पती किंवा पत्नी, मुले आणि आपल्यावर अवलंबून असलेले आईवडील यांची नावे आहेत का, ते पाहा.

५. कपात होते पण भरणा होतो का, हे दर महिन्याला तपासा. वस्तीतला शिकलेला मुलगा-मुलगी मोबाइलवर पाहून देईल. आपल्याला जवळचा इएसआय दवाखाना कोणता, तेही विचारा. इएसआयचा मोफत फोन १८००-११-२५२६ असा आहे.

६. भरणा दिसत नसेल तर एकट्याने भांडू नका. चार-पाच जणांच्या सहीने इएसआय कार्यालयाकडे आणि चंद्रपूरच्या सहाय्यक कामगार आयुक्तांकडे अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास यासाठी ठेवावा, असे आम्ही सुचवतो. ज्यांना वाचता येते त्यांनी इतरांचे नंबर तपासून द्यावेत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेला कोणी दिसला तर त्याला दुसऱ्याच दिवशी थुंकी तपासायला पाठवा, आणि जाताना त्याचे इएसआय कार्ड सोबत आहे का, तेही विचारा.