पांढरे कोड आणि रक्ताचा अहवाल

अंगावर एखादा पांढरा डाग उमटला की घरातील बोलणे हळू आवाजात होऊ लागते. मुलगी उपवर असेल तर तिचे परिचयपत्र काही काळ कपाटातच राहते. कोणी सुचवितो, ‘रक्त तपासून घ्या, दोष रक्तातच असेल.’ मग ईएसआर, सीआरपी अशा अहवालांची चळत वाढत जाते. या अहवालांतून काय कळते आणि काय कळत नाही, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे हिताचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. श्रीपाल-मैनासुंदरीच्या कथेतील कुष्ठ आणि हे कोड यांची गल्लत आजही होते. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो आणि त्याच्या चट्ट्यावरील संवेदना बहुधा मंदावते. कोडाच्या डागावर स्पर्श पूर्ववत जाणवतो. कोड जंतुजन्य नाही आणि स्पर्शाने, सहभोजनाने पसरतही नाही. जैनांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यातून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण 2019 साली वगळण्यात आले; कोड तर त्यात कधीच नव्हते.

कोडाचे मूळ शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना रक्तातील टी-पेशी परक्या समजून नष्ट करतात. या टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे द्रव्य सोडतात. त्यामुळे त्वचेतील इतर पेशी सीएक्ससीएल-10 नावाचा संदेश पाठवितात आणि आणखी टी-पेशी तेथे गोळा होतात. काही टी-पेशी त्वचेतच ठाण मांडून बसतात. म्हणूनच उपचार थांबविल्यावर कधी कधी त्याच जागी डाग परततो.

ही लढाई मुख्यतः त्वचेत चालते. रक्तात तिचे पडसाद क्षीण उमटतात. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे; साध्या संसर्गानेही ते झपाट्याने वाढते. ईएसआर तर पंडुरोग, गर्भावस्था आणि वाढते वय यांमुळेही वाढतो. दुकानाच्या वर्षअखेरच्या ताळेबंदात तोटा दिसला, तरी तो कोणत्या मालात आला हे खतावणी उघडल्याशिवाय समजत नाही. या तपासण्यांचेही तसेच आहे. रक्तातील न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे परस्पर प्रमाण, तसेच सीएक्ससीएल-10ची पातळी, यांवर संशोधन झाले आहे. कोड वेगाने पसरत असलेल्या रुग्णांच्या गटात सीएक्ससीएल-10 अधिक आढळते. परंतु निरोगी व रुग्ण यांचे आकडे एकमेकांत मिसळत असल्याने एका व्यक्तीचा निवाडा त्यावरून करता येत नाही. अहवाल निर्दोष आला म्हणून कोड थांबले असे नव्हे. वाढीव आला म्हणून ते पसरणारच असेही नव्हे.

मग रक्त तपासूच नये काय? तसे नाही. कोडाबरोबर थायरॉइडचा विकार इतरांपेक्षा अधिक वेळा आढळतो. म्हणून टीएसएच तपासणे योग्य ठरते. शाकाहारी कुटुंबांत बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. तीही पाहून घ्यावी. कमतरता निघाल्यास ती भरून काढावीच, मात्र त्याने डाग जातील अशी आशा धरू नये. कॅप्सूलच्या जिलेटिनविषयी शंका असल्यास वैद्यांना तसे सांगून गोळी किंवा इंजेक्शन मागावे.

रोग पसरत आहे की स्थिर आहे, हे त्वचारोगतज्ज्ञ मुख्यतः डोळ्यांनीच ठरवितात. बारीक ठिपक्यांसारखे विखुरलेले नवे डाग, पुसट कडा, नाडी काचते किंवा चपलेचा पट्टा घासतो तेथे उमटणारे डाग, ही पसरण्याची चिन्हे होत. दर दोन महिन्यांनी त्याच जागेचे, सारख्याच उजेडात काढलेले छायाचित्र अहवालाच्या चळतीहून अधिक सांगते. उपचार लवकर सुरू झाले तर अधिक लाभतात. मलमे आणि अतिनील किरणांचा नॅरोबँड उपचार यांनी चेहऱ्यावर रंग बऱ्यापैकी परततो. बोटांच्या टोकांवर तो कष्टाने येतो. वर उल्लेखिलेली संदेशसाखळी तोडणारे रुक्सोलिटिनिब मलम अमेरिकेत 2022 साली मान्य झाले. या सर्वांना महिनोन्महिने धीर लागतो.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सा हे तिसरे अंग आहे. रुग्ण मुनीच्या सेवेत यत्किंचितही किळस न मानणारा उद्दायन राजा हे त्याचे उदाहरण. देह स्वभावतःच अशुची आहे, तेव्हा त्याच्या वर्णावरून कोणाला हीन लेखावे, हा प्रश्न हे अंग प्रत्येक श्रावकाला विचारते. स्थळ पाहताना कोड लपविणारे घर आणि ते दिसताच परिचयपत्र परत करणारे घर, दोघांनीही हा प्रश्न स्वतःला विचारावा. मुलीच्या अंगावरील डाग रक्ताच्या अहवालाने पुसला जात नाही. तो उघडपणे सांगता येईल असे वातावरण मात्र समाजाला आजच निर्माण करता येईल.