चिलखतामागची माती

वर्गात प्रतापगडचा प्रसंग शिकवीत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, चिलखताने कट्यार अडवली, पण आतल्या छातीचे काय?" मी निरुत्तर! त्याचा थोरला भाऊ सैन्यात आहे, हे मागाहून कळले.

घरी येऊन पुस्तके चाळली. 1965 साली अमेरिकेत स्टेफनी क्वोलेक या विदुषीने केव्हलारच्या धाग्याचा शोध लावला. पुढे त्याच्या थरांनी गोळी अडू लागली. परंतु गोळी अडली, तरी धक्का अडत नाही; बरगडी मोडू शकते. म्हणून परीक्षेच्या वेळी चिलखतामागे तेलात मळलेली माती ठेवतात. आधी पोलादी वजन टाकून ती फार कडक वा मऊ नाही ना, हे पाहतात. मग गोळी झाडून खळगा मोजतात. पोलिसांच्या चिलखतांसाठी तिकडे मर्यादा आहे 44 मिलिमीटर. तिच्यामागे 1970 नंतरच्या दशकात बकऱ्यांवर केलेले प्रयोग आहेत.

परवा मुलांच्या दिवाळीच्या किल्ल्यात माझा अंगठा रुतला. खळग्याकडे पाहत राहिलो. सुटीनंतर त्या मुलाला सांगणार आहे : बाळ, तुझाच प्रश्न शास्त्रज्ञ मातीला विचारतात.