पळायला कमी, थांबायला जास्त

17 हजार 471 जागा आणि जवळपास पावणेअठरा लाख अर्ज. 2024 च्या पोलीस भरतीचे हे आकडे तेव्हा आमच्या राहाता तालुक्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ झाले होते. मैदानी चाचणी 19 जूनला, ऐन मृगात सुरू झाली आणि मैदानांवरचा चिखल सगळ्या राज्यानं पाहिला. पावसामुळे चाचणी घेणं शक्य नसेल तिथं पुढची तारीख देऊ, असं गृहखात्यानं सांगितलं, तेव्हा तारखांचा प्रश्न तेवढ्यापुरता मिटला. पण रिपरिप पावसात मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळायचंच होतं. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण या एका धावेला आहेत. तिच्यासाठी खुराकावर, बुटांवर, अकॅडमीच्या फीवर चर्चा होते. पावसात अंगात काय घालायचं, यावर मात्र कुणीच बोलत नाही.

राहाता तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही खरा जोर बऱ्याचदा सप्टेंबरात. त्यामुळे पावसात पळायची सवय इथं कोकणासारखी अंगवळणी पडलेली नाही. झड लागली की पहाटे कालव्याच्या कडेनं किंवा नगर-मनमाड रस्त्याच्या साइडपट्टीवर दोन प्रकारची पोरं दिसतात. काहींच्या अंगात नेहमीचा सुती टी-शर्ट, पहिल्या दहा मिनिटांत भिजून मांडीपर्यंत लोंबलेला. काहींनी प्लास्टिकचा विंडचीटर गळ्यापर्यंत चेन लावून घातलेला. दुसऱ्या प्रकाराची मला जास्त काळजी वाटते, कारण त्यामागे एक पक्का समज आहे: अंग कोरडं राहतं आणि घाम निघून वजनही उतरतं.

हा समज धोक्याचा आहे. धावण्याचा साधा हिशेब असा, की एक किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. साठ किलोचा मुलगा दहा किलोमीटर पळाला तर सहाशे. यातला बहुतेक भाग, साधारण तीन चतुर्थांश, पळण्याच्या कामी न येता उष्णता बनतो. ती बाहेर टाकायचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घामाची वाफ होणं. एक लिटर घाम वाळला तर जवळपास 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तरच. कपड्याच्या आत नुसताच निथळणारा घाम अंगातलं पाणी आणि मीठ नेतो, उष्णता जवळजवळ नेत नाही. प्लास्टिकच्या आत हेच होतं. उतरलेलं वजन पाण्याचं असतं, दोन तांब्यांत परत येतं. तोवर शरीर मात्र तापत राहतं. बाहेर पाऊस आहे म्हणून उष्माघात होणार नाही, असं समजू नये.

मग महागडी, 'श्वास घेणारी' जाकिटं? 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा केला, तिथून या कापडाचा प्रवास सुरू झाला. पाण्याचा थेंब आत येत नाही, वाफ मात्र बाहेर जाते. ही गोष्ट खरी आहे. पण वाफ आपण होऊन बाहेर जात नाही. आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या वाफेच्या दाबात जेवढा फरक, तेवढीच ती ढकलली जाते. लंडनच्या पाच अंशांच्या पावसात हा फरक मोठा असतो. आपल्याकडे पंचवीस अंशांच्या, वाफेनं भरलेल्या हवेत तो निम्म्याहूनही कमी उरतो. म्हणजे तिकडे कामाला येणारं जाकीट आषाढातल्या राहात्यात चांगल्या प्रतीचा रेनकोट होऊन बसतं. पावसात पळण्यासाठी म्हणून जे सल्ले फिरतात, ते बहुतेक थंड देशांतून आलेले आहेत. थरावर थर चढवा, बाहेरून जलरोधक काही घाला. 2018 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये चार-पाच अंशांत, समोरून वारा आणि वरून ओतणारा पाऊस होता. तिथं तो सल्ला जीवनमरणाचा ठरतो. आपल्या सपाटीवर पळताना तो उलटा पडतो.

पळताना उलटा, असं मी मुद्दाम म्हणतो आहे. कारण थांबल्यावर सगळं चित्र बदलतं. इथं ग्रिफिथ प्यू या शरीरशास्त्रज्ञाबद्दल थोडं विस्तारानं सांगायला हवं. 1953 च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायू, पाणी, आहार, कपडे यांचं शास्त्र ज्यांनी पाहिलं, ते हे प्यू. मार्च 1964 मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या माळरानावर तरुण स्काउटांची 'फोर इन्स' नावाची चालण्याची स्पर्धा झाली. अंतर 45 मैल. वारा, पाऊस, हिमकण. निघालेल्या सुमारे 240 जणांपैकी 22 जणच शेवटपर्यंत पोचले आणि तिघं तरुण गारठून मेले. बर्फाचं शिखर नाही, हाडं गोठवणारी थंडी नाही, मग धडधाकट पोरं मेली कशी, हा प्रश्न प्यूंनी घेतला. मुलांच्या अंगात होते तसेच कपडे त्यांनी भिजवले, माणसांना घालायला दिले आणि प्रयोगशाळेत वाऱ्यासमोर सायकल मारायला लावली.

त्यांना दिसलं ते प्रत्येक धावपटूनं लक्षात ठेवावं असं आहे. भिजलेल्या आणि वारा लागणाऱ्या कपड्याची ऊब नाममात्र उरते. तरीही माणूस जोरात काम करत असेल तोवर त्याचं शरीर तापमान राखतं. तो थकला, वेग मंदावला, की तापमान घसरू लागतं. म्हणजे घात पावसानं एकट्यानं होत नाही, ओल्या अंगानं मंदावण्यात होतो. 22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतातल्या शंभर किलोमीटरच्या शर्यतीत 21 धावपटू गेले. उंचावर अचानक वारा, पाऊस आणि गारा आल्या तेव्हा बहुतेकांच्या अंगात हाफ पँट आणि पातळ टी-शर्ट होते. वारा अडवणारं जाकीट तिथं सक्तीचं नव्हतं.

राहाता म्हणजे गान्सू नव्हे, इथं कुणी गोठून मरत नाही. पण भरतीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. रात्रीच्या एसटीनं प्रवास, अर्धवट झोप, पहाटेपासून रांग, कागदपत्रांची तपासणी, उंची-छातीचं मोजमाप, आणि मग पळायची पाळी. या सगळ्या वेळात पोरगं ओल्या सुती कपड्यात वाऱ्यावर उभं. पाण्यातून उष्णता हवेच्या पंचवीसपट वेगानं वाहते. स्नायू गार पडले की आखडतात, पावलं जड होतात. वर्षभर घासून मिळवलेले पाच-दहा सेकंद रांगेतच जातात. आणि गुण सेकंदांवर आहेत.

म्हणून कपडे दोन प्रकारचे लागतात. एक पळायचे, एक थांबायचे.

पळायचे कपडे कमीत कमी. पाऊस असो नसो, भिजायचंच आहे हे धरून चालावं. सूत स्वतःच्या वजनाइतकं, कधी त्याहून जास्त पाणी धरून ठेवतं. कोरड्या दिसणाऱ्या सुतातही हवेतली सात-आठ टक्के ओल असते. पॉलिस्टरमध्ये ती अर्धा टक्कासुद्धा नाही. पाणी त्याच्या धाग्यात शिरत नाही, धाग्यांच्या मधून निथळून जातं. शेतकऱ्याला वाफसा समजावून सांगावा लागत नाही: मातीत ओल हवी, पण हवा खेळायला जागाही हवी. पावसातल्या कापडाचं तसंच आहे. त्यासाठी नामांकित कंपनीचा शिक्का लागत नाही. कबड्डीच्या पोरांचा जाळीदार डॉटनिटचा टी-शर्ट हे काम उत्तम करतो आणि एखाद्या बऱ्या जेवणाच्या किमतीत येतो. मात्र सुताला सरसकट दोष देऊ नका. मे महिन्यात राहात्यात पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा घामानं भिजलेलं सूत अंग गार ठेवतं. पावसाळ्यात तेच सूत नडतं.

टी-शर्ट अंगाबरोबर बसणारा असावा. ढगळ कापड भिजलं की काखेत आणि मांडीला घासतं, मुलांच्या छातीवर रक्त येईपर्यंत घासतं. शिवणीच्या जागी आणि मांड्यांच्या आत व्हॅसलीन लावणं हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय. मुलींची अडचण याहून मोठी आहे. पातळ, फिकट रंगाचा टी-शर्ट भिजला की अंगाला चिकटतो, आरपार दिसतो. मग पोरगी पळताना सारखी कापड ओढत राहते, नाहीतर वरून जाड जाकीट चढवते. गडद रंगाचा किंवा नक्षीचा जाळीदार टी-शर्ट आणि घट्ट, पण सुती नसलेली आतली बनियन, एवढ्यानं हा त्रास जातो. अकॅडम्या मुलींसाठी पांढरे टी-शर्ट छापतात ते आधी थांबवावं.

पायांचं म्हणाल तर शाळेचे जाड सुती मोजे टाकून द्या. ओली कातडी कोरडीपेक्षा जास्त घासते, फोड तिथून येतात. नायलॉनचे पातळ मोजे बरे. बूट जाळीचे, म्हणजे आलेलं पाणी बाहेर जाईल असे. जलरोधक बुटात पाणी वरून शिरतं आणि आतच राहतं. आपल्या काळ्या रानात तर पाऊस पडल्यावर पळूच नये. दहा पावलांत बुटाला मातीचा थर चढतो आणि घोटा मुरगळतो. मुरुमाचा रस्ता किंवा शाळेचं मैदान गाठावं. बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवले तर तळ सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि दोन तासांनी बदलावेत.

रस्त्यावर पळणाऱ्यांनी आणखी एक फरक समजून घ्यावा. पोपटी, भगवा असे झगझगीत रंग उजाडताना आणि ढगाळ दिवसा उठून दिसतात, कारण ते अतिनील किरणं घेऊन दिसणारा प्रकाश परत टाकतात. अंधारात ते काही कामाचे नाहीत. तिथं गाडीचा दिवा परतवणारी रुपेरी पट्टीच हवी, आणि ती छातीपेक्षा घोट्यावर, मनगटावर लावावी. 1973 मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी दाखवून दिलं, की अंधारात सांध्यांवरचे नुसते ठिपके हलताना दिसले तरी डोळा माणूस ओळखतो. भरधाव ट्रक येणाऱ्या रस्त्यावर याची किंमत फार मोठी आहे.

आता थांबायचे कपडे. आपल्या धनगरांना हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. घोंगडीची खोळ भर पावसातही ऊब देते, कारण लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. भरतीला घोंगडी नेता येणार नाही, पण प्लास्टिकचा विंडचीटर इथं न्यावा. पळताना घातक ठरणारी ही वस्तू रांगेत उभं राहताना लाखमोलाची आहे. पाळी येईपर्यंत अंगात ठेवा, पाच मिनिटं आधी काढा. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून एक पूर्ण कोरडा जोड ठेवा, आतल्या कपड्यांसकट, आणि पळून झाल्यावर लगेच बदला. ओल्या कपड्यात गावापर्यंतचा प्रवास करू नका. जांघेतला गजकर्ण अशाच ओलीत पसरतो. त्यावर मेडिकलमधून स्टेरॉइडचं मलम आणून लावलं की खाज थांबते, पण रोग चिवट होतो. त्वचेच्या डॉक्टरकडेच जा. दोघांनी एकच टॉवेल वापरू नका.

एवढं उमेदवार करतील. पण कोरडे कपडे ठेवायला जागा आणि बदलायला आडोसा त्यांच्या हातात नाही. पोलीस मुख्यालयांनी मैदानाशेजारी एक पत्र्याची किंवा ताडपत्रीची शेड, मुलींसाठी वेगळी, आणि पिशव्या ठेवायला क्रमांकाची मांडणी एवढी सोय करावी. भरती पावसाळ्यात घ्यायची ठरली त्याच दिवशी ही सोयही ठरायला हवी होती. पुढच्या भरतीसाठी तरी ती करता येईल.