अंगणातील 'ख्रिसमस ट्री'ची ओळख

बंगल्याच्या फाटकाशी किंवा पेढीच्या दारात, मजल्यामजल्यांनी वाढणारे जे झाड आपण 'ख्रिसमस ट्री' म्हणून हौसेने लावतो, ते खरे पाइन नव्हेच. हिमालयातील चीड हा खरा पाइन. त्याच्या लांब सुयांचे तीन-तीनचे जुडगे असतात. आपल्या झाडाची डहाळी निरखावी. तेथे जुडगे नाहीत. आखूड पाने एकेकटी, दाटीने बसलेली आढळतात. हे अरॉकेरिया कुळ.

रोपवाटिकेत त्यावर 'नॉरफोक पाइन' अशी चिठ्ठी असते. बँकेच्या नोकरीत दुकानाच्या पाटीपेक्षा ताळेबंद पाहण्याची सवय जडते. येथेही ती उपयोगी पडते. कारण त्या नावाने आपल्याकडे विकले जाणारे झाड पुष्कळदा न्यू कॅलेडोनियातील कुक पाइन असते. बालवयात दोन्ही ओळखू येत नाहीत इतकी सारखी. पुढे नॉरफोकचा घेर खाली रुंद व वर निमुळता होतो. कुक मात्र अरुंद मनोऱ्यासारखा चढतो आणि त्याची साल कागदी पापुद्र्यांनी सुटते. शिवाय तो कलतो. जगभरातील कुक पाइन विषुववृत्ताच्या दिशेने कललेले असतात, असे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. म्हणजे आपल्याकडे दक्षिणेस. वास्तुशास्त्री यावर काय म्हणतील, ते तेच जाणोत!

रोप घेताना एकच सरळ खोड असलेले निवडावे. भरगच्च दिसावे म्हणून एका कुंडीत तीन-चार रोपे कोंबलेली असतात; ती पुढे एकमेकांच्या मुळावर उठतात. बाजूच्या फांदीच्या कलमापासून केलेले रोप घेऊ नये. ते आडवेच वाढत राहते. भरपूर उजेड द्यावा, निचऱ्याची माती घालावी आणि वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. खालच्या फांद्या एकदा वाळून गळाल्या की तेथे पुन्हा फुटत नाहीत.

मुख्य विचार जागेचा. मायदेशी ही दोन्ही झाडे पन्नास मीटरांहून उंच जातात. भिंतीलगत अथवा विजेच्या तारांखाली लावलेल्या झाडाचा शेंडा पुढे छाटावा लागतो आणि मग ती एकसरळ आकृती परत येत नाही. अंगण लहान असेल तर झाड कुंडीतच ठेवावे, आणि मुळे आवळली की पावसाळ्याच्या तोंडावर थोडी मोठी कुंडी द्यावी.