छप्पर बदलण्यापूर्वी

कोकणात मृगाच्या आधी घर शाकारण्याची रीत फार जुनी. फुटकी कौले काढावी, नवी बसवावी आणि पहिल्या सरीची वाट पाहावी. त्यासाठी कोणाची लेखी अनुमती मागावी, हा विचार घरधन्याच्या मनाला सहसा शिवत नाही. तीच वृत्ती घेऊन आपण इंग्लंडात शंभर वर्षांचे घर विकत घेतो आणि छप्पर गळू लागले की थेट कारागिराला बोलावतो. येथेच पुढील मनस्तापाचे बीज पेरले जाते.

प्लॅनिंग परमिशन आणि बिल्डिंग रेग्युलेशन्स या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आपल्या मंडळींची गल्लत होते ती येथे. पहिलीचा संबंध घराच्या बाह्यरूपाशी व वापराशी. जुन्यासारखेच छप्पर घालायचे असेल तर साध्या घराला ती बहुधा लागत नाही. संरक्षित ऐतिहासिक वास्तूची गोष्ट मात्र निराळी.

ही पहिली संमती किती जड जाऊ शकते, याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या वास्तूत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थिदशेत राहिले होते. महाराष्ट्र शासनाने ती २०१५ मध्ये विकत घेतली व तेथे स्मारक उभारले. पण राहत्या घराचे संग्रहालय करण्याची पूर्वसंमती घेतलेली नव्हती. नंतर केलेला अर्ज कॅम्डन कौन्सिलने २०१८ मध्ये फेटाळला. अपील झाले, जाहीर चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये मंत्रिमहोदयांच्या निर्णयाने स्मारक वाचले. मालक एक राज्यशासन होते, तरी नियमाने त्याला वेगळी वाट दिली नाही.

दुसरी संमती बांधकामाच्या गुणवत्तेची. छपराचा मोठा भाग नव्याने घालायचा असेल तर इंग्लंडात ती घ्यावी लागते, आणि त्यासोबत उष्णतारोधनही सुधारावे लागते. जुन्या घरांवरील स्लेट काढून काँक्रीटची कौले घालण्याचा मोह अनेकांना होतो. ती स्वस्त, पण वजनाने जड. जुने वासे हळूहळू वाकतात. म्हणून तपासनीस लाकडाची ताकद पाहतो. आच्छादन आगीला कसे तोंड देईल, हेही तो पाहतो. आगीची ही धास्ती लंडनच्या रक्तातच आहे: १६६६ च्या महाअग्नीनंतर शहरात गवती छपराला प्रथम मोकळीक मिळाली ती १९९७ मध्ये खुल्या झालेल्या ग्लोब नाट्यगृहाला, आणि तीही छपरावर पाण्याचे फवारे बसवल्यावर!

मान्यताप्राप्त योजनेत नोंदलेला कारागीर असल्यास तो आपले काम स्वतः प्रमाणित करू शकतो. नसल्यास अर्ज आधी करावा. माळ्यावर वटवाघळे आढळली तर मात्र काम थांबवून तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, कारण १९८१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे. जोडघराच्या सामाईक भिंतीला हात लागणार असेल, तर शेजाऱ्याला रीतसर सूचना द्यावी लागते. आणि काम संपल्यावर मिळणारा दाखला जपून ठेवावा. पुढेमागे घर विकायला काढले की खरेदीदाराचा वकील प्रथम तोच मागतो, आणि तोवर छप्पर घालणारा कारागीर कोठे असेल याचा नेम नसतो.