विश्लेषण : घराच्या भिंतीलगत तुमसर–तिरोडी! पहिला ‘मॉडेल रेल्वे’ लेआउट आखायचा कसा?

लहान इंजिन, बोटभर उंचीचे डबे आणि टेबलावर मांडलेले रूळ म्हणजे केवळ खेळणे नव्हे. एखाद्या खऱ्या मार्गाचे ठरावीक प्रमाणात केलेले प्रतिरूप म्हणजे मॉडेल रेल्वे. पूर्व विदर्भातील नॅरोगेज गाड्या रुळांवरून गेल्या, जुनी स्थानके बदलत आहेत. अशा वेळी मोजमापे घेऊन केलेला लेआउट हा त्या भागाच्या रेल्वेची नोंदही ठरतो. मात्र अनेकांचा पहिला लेआउट अर्धवटच राहतो. याचे मुख्य कारण पैसा नव्हे, तर चुकलेली आखणी.

करडी परिसरात निवडण्यासारखे काय आहे?

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात करडी आहे. या परिसराने रेल्वेची तीन रूपे पाहिली आहेत. पहिले, मुंबई–हावडा मुख्य मार्ग. याच मार्गावरील भंडारा रोड स्थानक मोहाडी तालुक्यातील वरठीत, तर तुमसर रोड स्थानक देव्हाडीत आहे. दुसरे, तुमसर रोडवरून तुमसर टाऊन, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग असे करत मध्य प्रदेशातील तिरोडीकडे जाणारा ब्रॉडगेज फाटा. याची ओळख मँगनीजची. डोंगरी बुजुर्गची खुली खाण आणि चिखल्याची भूमिगत खाण ‘मॉइल’च्या आहेत.

तिसरे रूप नॅरोगेजचे. बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियातून सातपुड्याकडे नेलेला अडीच फुटी मार्ग १९०५ पर्यंत जबलपूरला पोहोचला. गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते. नागपूर–उमरेड–भिवापूर–नागभीड ही नॅरोगेज गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी थांबली. त्यामुळे नॅरोगेज आता आठवणीत, छायाचित्रांत आणि नागपुरात मोतीबाग येथे २००२ मध्ये सुरू झालेल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात उरली आहे.

पहिल्या लेआउटसाठी यातील एकच रूप निवडावे. मुख्य मार्गावरील लांब गाड्या घरात मावत नाहीत. डोंगरी बुजुर्गसारखे खाणीचे सायडिंग मात्र सहज मावते.

‘एचओ’ म्हणजे काय आणि रूळ कुठे अडतात?

जगभरात सर्वाधिक प्रचलित प्रमाण ‘एचओ’, म्हणजे १:८७. खरी वस्तू ८७ पटींनी लहान. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून सुरू असलेले भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय याच प्रमाणाचे आहे. नवख्याने आखणीपूर्वी एकदा ते जरूर पाहावे. बटणे, सिग्नल आणि सांधे एकमेकांशी कसे बांधलेले असतात, ते तिथे डोळ्यांसमोर दिसते.

अडचण अशी की, बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो. तो युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिलिमीटर रुळांच्या मापाचा. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर आहे. ८७ ने भागल्यास तो १९.३ मिलिमीटर व्हायला हवा. म्हणजे तयार रूळ जवळपास तीन मिलिमीटरने अरुंद. बहुतेक हौशी मंडळी ही तडजोड स्वीकारतात आणि पहिल्या लेआउटसाठी तीच शहाणपणाची.

नॅरोगेजचे गणित मात्र सुखद आहे. खरे माप ७६२ मिलिमीटर. ८७ ने भागल्यास ८.८ मिलिमीटर. ‘एन’ प्रमाणाचा तयार रूळ ९ मिलिमीटरचा असतो. फरक केसाएवढा! सातपुड्याची गाडी करायची तर ‘एन’च्या इंजिनाचा सांगाडा घेऊन त्यावर १:८७ ची पेटी स्वतः बसवावी लागते. ज्याचा हात कागद, पुठ्ठा आणि प्लास्टिक पत्र्यावर चालतो, त्याने हा मार्ग धरावा. इतरांनी ब्रॉडगेजपासून सुरुवात करावी.

एक सावधगिरी. ब्रिटिश ‘ओओ’ गाड्याही १६.५ मिलिमीटर रुळावरच धावतात, पण त्यांचे प्रमाण १:७६ आहे. एचओ डब्याशेजारी तो डबा सुमारे १५ टक्के मोठा दिसतो. रूळ जुळला म्हणून प्रमाण जुळले, असे समजू नये.

जागा किती लागते?

प्रत्यक्षातील एक किलोमीटर एचओमध्ये साडेअकरा मीटर होतो. म्हणजे दोन स्थानकांमधले अंतरसुद्धा जसेच्या तसे दाखवणे अशक्य. बॉक्सएन वाघीण साधारण १०.७ मीटर लांब, मॉडेलमध्ये १२.३ सेंटिमीटर. ५८ वाघिणींची पूर्ण मालगाडी करायची तर सात मीटरहून अधिक जागा हवी. म्हणून अंतर गाळायचे आणि ओळख ठेवायची. फलाट, केबिन, वळण, खाणीचा ढीग अशा चार-पाच खुणा ठेवल्या की जाणकाराला स्थानक ओळखू येते.

नवखे लोक बहुधा आठ बाय चार फुटांच्या प्लायवर गोल रूळ टाकतात. गाडी फिरते, पण दहा मिनिटांत कंटाळा येतो. शिवाय चार फुटांत ४६ सेंटिमीटर त्रिज्येच्या आसपासचेच वळण बसते. आयसीएफ प्रवासी डबा एचओमध्ये २५ सेंटिमीटरहून लांब असतो. एवढ्या तीव्र वळणावर तो बाहेर लोंबतो किंवा घसरतो. डब्याच्या लांबीच्या किमान तिप्पट त्रिज्या असावी, हा हौशींचा ठोकताळा. त्यासाठी खोलीच हवी. त्याऐवजी भिंतीलगत सहा फूट लांब आणि एक फूट रुंद फळी पुरते.

सहा फुटांत खेळ तरी काय होणार?

ब्रिटनमधील ॲलन राइट यांनी रचलेले ‘इंगलनूक सायडिंग’ हे कोडे इथे उपयोगी पडते. यात तीन सायडिंग आणि फक्त दोन सांधे असतात. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. इंजिन पुढे-मागे करण्याच्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी एवढीच जागा. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या काढून पाच वाघिणी ठरवायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. अशा ६,७२० वेगवेगळ्या गाड्या होऊ शकतात.

हिशेब करून पाहू. डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन एचओमध्ये सुमारे २० सेंटिमीटर. त्यासोबत तीन वाघिणी म्हणजे ५७ सेंटिमीटर. दोन सांधे मिळून ४४. पाच वाघिणींची सायडिंग ६२. एकूण १६३ सेंटिमीटर. सहा फुटांच्या फळीवर वीसेक सेंटिमीटर उरतात. एका सायडिंगला खाणीचा लोडिंग फलाट, दुसरी दुरुस्तीच्या वाघिणींसाठी, तिसरीवर गाडी तयार करायची. कागदावरचे कोडे लगेच डोंगरी बुजुर्गचे शंटिंग वाटू लागते.

तपशील खरा कसा ठेवायचा?

आधी काळ ठरवावा. १९९० चे दशक सोयीचे. डिझेल इंजिन, बॉक्सएन वाघिणी आणि हातसिग्नल एकत्र दाखवता येतात. आजचा काळ घेतला तर विजेचे खांब आणि तारा उभाराव्या लागतात आणि नवख्याची तिथेच दमछाक होते.

मँगनीज जड असल्याने वाघीण काठोकाठ भरत नाही. वजनाची मर्यादा निम्म्याच्या आसपासच गाठली जाते. मॉडेलमध्ये काळसर ढिगारे खालच्या पातळीवर ठेवले, तर जाणत्या नजरेला ते लगेच पटते. कोळशासारखी वर आलेली रास केली, तर चुकते.

परिसर हाताशीच आहे. धानाच्या बांध्या आणि धुरे, कोपऱ्यात मामा तलाव, मोह आणि पळसाची झाडे. वाळक्या काड्यांवर रंगवलेला भुसा चिकटवला की झाड होते. तणस बारीक कापली की धानाचे बुंधे. रुळांखाली गिट्टीची चाळलेली भुकटी पातळ केलेल्या फेविकॉलने बसते.

इमारतींची मापे घेताना भिंतीला एक मीटरची रंगवलेली काठी टेकवून समोरून छायाचित्र काढावे. त्यावरून दारे-खिडक्या मोजता येतात. स्थानकात कर्मचाऱ्यांची परवानगी घ्यावी. रुळांवर उतरू नये. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे.

विदर्भाचे हवामान काय करते?

रूळ उन्हात लांबतात. सहा फुटांच्या रुळात हिवाळा आणि मे महिन्यातील ३० अंशांच्या फरकाने सुमारे एक मिलिमीटर वाढ होते. जोडांमध्ये कागदाच्या जाडीची फट न ठेवल्यास रूळ वाकतो. त्याहून त्रासदायक पावसाळी दमट हवा. प्लाय ओल शोषून फुगते. म्हणून फळीच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना रंग द्यावा. धुळीने वीज तुटते आणि इंजिन अडखळते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसावेत. नियंत्रकापासून रुळापर्यंत फक्त १२ व्होल्ट जावेत. घरातील २३० व्होल्टची तार फळीखाली नेऊ नये.

सुरुवात कुठून?

पैसे खर्च करण्यापूर्वी जुन्या वर्तमानपत्रावर सहा फुटांची आखणी मूळ मापात काढावी. पुठ्ठ्याच्या १२.३ सेंटिमीटरच्या आठ पट्ट्या कापून त्या वाघिणी म्हणून सरकवून पाहाव्यात. खेळ जमला तर आधी रूळ आणि दोन सांधे, मग एक इंजिन, मग वाघिणी घ्याव्यात. रूळ स्वस्तातले घेऊ नयेत. इंजिन नंतर बदलता येते, चिकटवलेला सांधा नाही. फळी तीन-तीन फुटांच्या दोन तुकड्यांत केली, तर ती शाळेच्या प्रदर्शनातही नेता येते. आणि दरम्यान ज्यांनी नॅरोगेजने प्रवास केला, त्यांच्याकडून डब्यांचे रंग, स्थानकावरची झाडे आणि फलाटाची उंची विचारून लिहून ठेवावी. ब्रॉडगेजचा लेआउट पुढच्या वर्षीही करता येईल. त्या आठवणी सांगणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.